वाटेवरचा बर्फ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या जुन्या चाळीची आता सोसायटी झाली आहे, तरी मुलांनी किल्ला करण्याची जागा मात्र तीच राहिली आहे, जिन्याखालची. माझा भाचा ओंकार, वय वर्षे आठ, तिथे कोपरापर्यंत मातीने माखून बसला होता. किल्ला तयार झाला होता. मोहरी पेरून उतारावर हिरवळ उगवली होती. सिंहासनावर महाराज बसले होते, बुरुजांवर मावळे उभे होते, पायथ्याशी बाजार भरला होता. आणि या साऱ्या हिंदवी स्वराज्यापासून हातभर अंतरावर, एका जुन्या परातीत, प्लॅस्टिकचे दोन पेंग्विन उभे होते. कुणाच्या तरी वाढदिवसाला ते मिळाले होते, आणि त्यांना दिवाळीच्या दिवसांत डब्यात कोंडून ठेवणे ओंकारच्या मनाला पटले नव्हते. त्याच्या हातात कापसाचा गठ्ठा होता.

"आत्या, यांना बर्फ किती घालू?" त्याने जिन्यातून हाक मारली.

मी चकल्या पाडत होते. सोऱ्यावरून नजर न काढता मी म्हटले, "घाल की सगळा! बर्फातलाच पक्षी तो. जितका बर्फ जास्त तितका तो खूष."

वीस-बावीस वर्षे वर्गात उभे राहून बोलले की माणसाला एक वाईट खोड लागते. ठाऊक नसलेल्या गोष्टीही तो ठासून सांगू लागतो. वर्गातली मुले बिचारी लिहून घेतात. आठ वर्षांचा भाचा लिहून घेत नाही. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सगळीकडे बर्फच घातला तर तो खाणार काय? बर्फ?"

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव माहीत आहे. मुलांच्या प्रश्नापुढे हरणे मला सहन होत नाही, आणि हरल्यावर झोपही येत नाही. त्या रात्री चकलीचे तेल निवल्यावर मी वाचायला बसले. ते वाचन पुढे सहा महिने चालले. त्यातून जे हाती लागले ते यंदाच्या फराळाबरोबर तुमच्यापुढे ठेवीत आहे.

पहिला धक्का हा की पेंग्विन म्हटला म्हणजे बर्फ आलाच, ही समजूतच मुळात चुकीची. पेंग्विनच्या अठराएक जाती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा जातींचा बर्फाशी काडीचाही संबंध नाही. आपल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पासून ज्यांना पाहायला मुलांची रीघ लागते ते हंबोल्ट जातीचे. त्यांचे माहेर पेरू आणि चिली या देशांचा किनारा. तिथे बर्फ नाही, ऊन आहे आणि खडक आहेत. समुद्रावर गोठणाऱ्या बर्फाशी ज्यांचा सारा संसार बांधलेला आहे अशा जाती दोनच. एक आडेली आणि दुसरी एम्परर, म्हणजे सम्राट पेंग्विन. दोघांचेही घर पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर.

तिथला समुद्र कसा गोठतो हे आधी समजून घेतले पाहिजे. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. त्याला आणखी खाली, उणे १.८ अंशांच्या आसपास जावे लागते. अंटार्क्टिकाचा हिवाळा संपत येतो तो सप्टेंबरात. त्या वेळी नेहमीच्या वर्षी खंडाभोवतीचा सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर समुद्र बर्फाखाली असतो. आपल्या भारतासारखे पाच देश त्यावर पसरून ठेवले तरी थोडी जागा उरेल! मग उन्हाळा येतो, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातला फक्त वीस-तीस लाख चौरस किलोमीटर उरतो. दरवर्षी हा एवढा पसारा मांडायचा आणि दरवर्षी आवरायचा! आपली माणसेही हे वेळापत्रक पाळतात. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम जानेवारी १९८२ मध्ये, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, बर्फावर उतरली ती उगीच नव्हे.

हा बर्फ दोन प्रकारचा. एक किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला, जागचा न हलणारा. दुसरा लाटांवर नि वाऱ्यावर हिंडणारा, तुकड्यातुकड्यांचा. इंग्रजीत दोघांना वेगवेगळी नावे आहेत. आपण बर्फ पाहतो तो उसाच्या रसाच्या पेल्यात किंवा मासळीबाजारातल्या टोपलीत, तेव्हा आपल्याला नावे कुठून असणार? मी माझ्यापुरती ठेवली आहेत. पहिला 'खिळलेला बर्फ' आणि दुसरा 'तरता बर्फ'. पुढच्या हकिगतीत ती उपयोगी पडतील.

आता ओंकारच्या प्रश्नाकडे येऊ. हे पक्षी खातात काय? आडेलीचे मुख्य अन्न म्हणजे क्रिल. आपल्याकडे कोळीणबाई मापाने जवळा विकते ना, त्याच रूपाचा पण बोटाएवढा जीव. समुद्रात त्यांचे लाल थवेच्या थवे असतात. आणि मौज अशी की हा क्रिलही बर्फाचा ऋणी आहे. तरत्या बर्फाच्या खालच्या अंगाला हिरवट शेवाळ धरते. उपासमारीच्या हिवाळ्यात क्रिलची पोरे ते शेवाळ खरवडून जगतात. म्हणजे बर्फ हेच क्रिलचे कुरण आणि क्रिल हे पेंग्विनचे जेवण. इथपर्यंत माझे वाक्य खरे ठरत होते: जितका बर्फ जास्त तितके बरे.

पण जेवण स्वयंपाकघरात शिजलेले असणे निराळे आणि ते पानात पडणे निराळे. त्या दोहोंच्या मध्ये अंतर असते, आणि खरी गोष्ट त्या अंतराची आहे.

आडेली हे नाव कसे पडले तेही सांगते, कारण आपल्या वाचक भगिनींना ते आवडेल. १८४० साली ड्यूमाँ द्युरव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला पोचला. त्या उजाड भूमीला त्याने आपल्या पत्नीचे, आडेलचे, नाव दिले. पुढे तेच नाव या पक्ष्याला मिळाले. नवऱ्याने बायकोच्या नावाने जगाच्या नकाशावर काही लिहून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत. आमच्या घरी अजून दारावरच्या पाटीचा प्रश्न सुटायचा आहे.

हा आडेली हातभराहून थोडा उंच, चार-पाच किलो वजनाचा. उन्हाळ्याच्या तोंडाला, नोव्हेंबरात, किनाऱ्यावरच्या उघड्या खडकांवर गारगोट्या गोळा करून तो घरटे मांडतो. बहुधा दोन अंडी. नर-मादी आळीपाळीने उबवतात. डिसेंबरात पिल्ले बाहेर येतात. मग पाळ्या सुरू होतात. एकाने घरी बसायचे, दुसऱ्याने समुद्रावर जायचे. पोट भरून परत यायचे आणि पिल्लाच्या चोचीत ते अन्न ओतायचे. पिल्ले तीनेक आठवड्यांची झाली की त्यांची भूक एकाच्या मिळकतीत भागत नाही. मग दोघेही कामाला जातात, आणि पिल्ले एकमेकांना चिकटून घोळक्याने उभी राहतात. शास्त्रज्ञांनी या घोळक्याला पाळणाघरच म्हटले आहे. हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. का, ते पुढे सांगते.

घरट्यापासून समुद्रापर्यंत खिळलेला बर्फ असेल तर आडेलीला चालत जावे लागते. थोडे चालायचे, थोडे पोटावर पडून घसरायचे. मग बर्फात एखादी फट शोधायची, तिच्यातून बुडी मारायची, खाली क्रिल टिपायचा आणि श्वास संपण्याच्या आत त्याच फटीशी परत यायचे. डोक्यावर छत आहे, दारे मोजकी आहेत, आणि त्या दारांशी शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही गर्दी आहे. आमच्या लहानपणी चाळीच्या नळावर पहाटे असायची तशी.

जपानच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतले युकी वातानाबे आणि त्यांचे सहकारी यांनी पूर्व अंटार्क्टिकातल्या ल्युत्सो-होल्म उपसागरात हे सगळे मोजून पाहिले. चार उन्हाळ्यांत मिळून १७५ आडेलींच्या पाठीवर त्यांनी चिमुकली यंत्रे बसवली. पक्षी कुठे गेला हे सांगणारी, त्याने कशी हालचाल केली हे टिपणारी, आणि काहींवर तर त्याच्या नजरेसमोरचे चित्र घेणारे कॅमेरे. चारांपैकी तीन उन्हाळे नेहमीसारखे, बर्फाने भरलेले होते. चौथा, २०१६-१७ चा, निराळा निघाला. त्या वर्षी उपसागरातला बर्फ फुटून वाहून गेला आणि समोर मोकळे पाणी आले.

माझ्या चकलीच्या सोऱ्यामागच्या शास्त्राप्रमाणे त्या वर्षी पेंग्विन हवालदिल व्हायला हवे होते. झाले उलटेच. ज्यांना मैलोगणती चालावे लागे ते घरापासून थोड्याच अंतरावर पाण्यात शिरले आणि पोहत गेले. पेंग्विनचे पोहणे त्याच्या चालण्याच्या चौपट वेगाचे असते, आणि त्याला दमही कमी लागतो. फट शोधायला नको, फटीशी परत यायला नको, गर्दी नाही. वाटेल तिथे बुडी मारावी, वाटेल तिथे वर यावे. फेऱ्या लवकर आटोपू लागल्या, क्रिल जास्त मिळू लागला, मायबापांची अंगे भरली आणि पिल्ले भराभर वाढली. १९२० नाही, १९५० नाही, अगदी अलीकडे, २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. म्हणजे केवळ माझेच नव्हे, पुष्कळांचे वाक्य दुरुस्त करण्याची वेळ आली.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकराला तारखेनेच आठवतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. घर मुलुंडला, कॉलेज दादरला, आणि अडीच वर्षांची मुलगी घराजवळच्या पाळणाघरात. आमचे हे त्या आठवड्यात परगावी होते. रोजचा लोकलचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. त्या दिवशी दुपारी निघाले ती सायनला गाडी थांबली, आणि मग ती थांबलीच. तासाभराने लोक रुळांवर उतरले, त्यांच्यामागून मीही उतरले. कुठे गुडघाभर, कुठे कमरेइतके पाणी. नंतर द्रुतगती मार्गाच्या कडेकडेने, अनोळखी माणसांचा हात धरून, चालत राहिले. सकाळी तेवढ्याच अंतरावर मी खिडकीशी बसून उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. मुलुंडला पोचले तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते.

अंतर एक मीटरभरही वाढले नव्हते. मुलीची भूकही रोजच्याएवढीच होती. बदलली होती ती फक्त वाट.

पाळणाघराच्या काकूंनी दार उघडले. मुलगी त्यांच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गाढ झोपली होती. "मऊ वरणभात खाल्लाय तिने पोटभर," काकू म्हणाल्या, "तुम्ही आधी कोरड्या व्हा." त्या वाक्याचे ऋण मी आजवर फेडू शकलेले नाही.

पेंग्विनच्या पाळणाघरात काकू नसतात, हे मी त्या रात्री पुस्तकात वाचले. शेजारची मोठी पाखरे असतात, पण त्यांच्या पोटातले अन्न त्यांच्या पोरांचे. आडेली आपल्या पिल्लाला आवाजावरून ओळखतो आणि त्यालाच भरवतो. ज्याचे मायबाप वेळेवर परतले नाहीत त्याने वाट पाहायची. वाट पाहण्याइतकी चरबी अंगावर आहे तोपर्यंतच पाहायची.

आणि ते काय असते, हे त्याच २०१६-१७ च्या उन्हाळ्यात दिसले. जपानी मंडळी ज्या किनाऱ्यावर गुटगुटीत पिल्ले मोजीत होती तिथून साडेतीन-चार हजार किलोमीटर पूर्वेला फ्रेंचांचे संशोधन केंद्र आहे. तीच ती आडेलच्या नावाची भूमी. तिथल्या पेट्रेल बेटावर त्या वर्षी आडेलींच्या सुमारे १८ हजार जोड्यांनी संसार मांडले होते. पण समोरचा समुद्र उन्हाळा सरत आला तरी बर्फाने भरलेलाच राहिला. मोकळे पाणी नेहमीपेक्षा फार दूर गेले. आईबाप गेले, चालत राहिले, शिकार करून परतही आले. पण परत आले तेव्हा उशीर झाला होता. त्या साऱ्या वसाहतीत जगली ती पिल्ले दोन. दोन हजार नव्हेत, दोनशे नव्हेत. दोन.

त्यापूर्वी तीनच वर्षे, २०१३-१४ च्या उन्हाळ्यात, त्याच बेटावर एकही पिल्लू वाचले नव्हते. तेव्हाही बर्फ हटला नव्हता, आणि वर पाऊस पडला होता. पिल्लाच्या अंगावरची लव पाणी झेलणारी नसते. ती भिजली, मग गारठा पडला. त्या भागातला बर्फ असा साठू का लागला याचे एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. २०१० च्या फेब्रुवारीत एक प्रचंड हिमनग जवळच्या मर्ट्झ हिमनदीच्या समुद्रात शिरलेल्या जिभेवर आदळला आणि ती जीभ तुटली. त्यामुळे बर्फाचे वाहणे-अडणे सारे बदलले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कुणी भिंत पाडली की पावसाचे पाणी भलत्याच दारात साचते, तसेच हे.

एकाच वर्षी, एकाच खंडाच्या एकाच बाजूला, एकाच जातीचे पक्षी. एका ठिकाणी बर्फ गेला आणि पिल्ले जगली, दुसऱ्या ठिकाणी बर्फ राहिला आणि पिल्ले मेली. इथपर्यंत आले तेव्हा मी ओंकारला नवे उत्तर द्यायला निघाले होते. "बर्फ घालूच नकोस!" बरे झाले, तो झोपला होता. कारण तेही उत्तर चुकले असते.

बर्फ नको म्हणावे तर क्रिलच्या पोरांनी हिवाळ्यात काय खरवडावे? शिवाय आडेलीला स्वतःलाही हिवाळ्यात तरता बर्फच लागतो, विसाव्याला आणि फराळाला. तो डोळ्यांनी पाहून शिकार करतो, म्हणून त्याला थोडा तरी उजेड हवा. दक्षिणेकडे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. मग रॉस बेटावरचे आडेली बर्फाच्या कडेबरोबर उजेडाकडे सरकत जातात, आणि वर्षाकाठी सरासरी १३ हजार किलोमीटरची चाल करतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर, जिथे गेल्या अर्धशतकात हवा झपाट्याने तापली आणि बर्फ कमी झाला, तिथे आडेलींच्या वस्त्या ओस पडत गेल्या. बर्फाची फिकीर नसलेले जेंटू जातीचे पेंग्विन त्या बाजूला वाढले. तेव्हा ल्युत्सो-होल्मचा आनंद हा ल्युत्सो-होल्मचाच. जिथे बर्फ अतोनात आहे तिथे तो थोडा हटला तर सोय, जिथे मुळात बेताचा आहे तिथे तो हटला तर दिवाळे.

आणि मग सम्राट पेंग्विन आहे. त्याच्यापुढे तर माझ्या दोन्ही उत्तरांनी हात टेकले.

सारे पक्षी उन्हाळ्यात संसार मांडतात, हा मांडतो भर हिवाळ्यात, आणि तोही जमिनीवर नव्हे, खिळलेल्या बर्फावर. मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते, ते नराच्या पायांवर सरकवते आणि भुकेली होऊन समुद्राकडे निघते. मोकळे पाणी कधी कधी शंभर किलोमीटर दूर असते. ते अंतर म्हणजे काय हे माणसांनाही एकदा कळले आहे. १९११ च्या हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे इंग्रज रॉस बेटावर याच सम्राटांची अंडी आणायला निघाले. वाट शंभर किलोमीटरच्या आसपास. काळोख दिवसरात्रीचा, थंडी उणे ६० अंशांपर्यंतची. जायला-यायला त्यांना पाच आठवडे लागले, आणि तीन अंडी घेऊन ते जेमतेम जिवंत परतले. चेरी-गॅरार्डने पुढे त्या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि त्याला जगातला सर्वांत वाईट प्रवास म्हटले. सम्राट पेंग्विनची मादी तसाच प्रवास करते. पुस्तक मात्र लिहीत नाही.

ती जाते, भर समुद्रात खोल बुड्या मारते. या जातीच्या बुडीची ५६० मीटरपेक्षा अधिक खोलीची नोंद आहे. इकडे नर पायांवर अंडे घेऊन, इतर नरांना अंग भिडवून, वाऱ्याकडे पाठ करून उभा. दोन महिन्यांहून अधिक काळ उबवणे, आणि आधीचे दिवस धरून शंभराहून जास्त दिवसांचा निर्जळी नव्हे पण निराहार उपास. अंगाचे जवळजवळ चाळीस टक्के वजन उतरते. आई यायच्या आत पिल्लू अंड्यातून निघाले तर हा उपाशी बाप आपल्या गळ्यातून दुधासारखा एक रस काढून त्याला थोडे दिवस तगवतो. थोडेच दिवस. तेवढ्यात ती आली पाहिजे.

बर्फ फार पसरला तर तिची वाट लांबते आणि पिल्लू जाते. म्हणून बर्फ कमी हवा? फ्रेंच केंद्राजवळची सम्राटांची वसाहत १९५० च्या दशकापासून सतत पाहण्यात आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीला तिथे काही वर्षे उबेची गेली, बर्फ कमी झाला, आणि त्या काळात वसाहत निम्म्यावर आली. अंडी फुटण्यात फारशी खोट नव्हती. मोठी माणसेच, म्हणजे मोठे पक्षीच, जास्त मरू लागले. समुद्र जवळ आला, पण समुद्रातले ताट रिकामे झाले, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात. जास्त बर्फाने पिल्लांवर घाला येतो आणि कमी बर्फाने मायबापांवर. दोन्हीकडून बुडतो तो संसारच.

आणि बर्फ मुदतीआधी फुटला तर? एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत सम्राटांना पायांखाली टणक जमीन म्हणून तोच हवा असतो. पिल्लाला पाण्यात टिकणारी पिसे यायला डिसेंबर उजाडतो. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या काठी या सम्राटांच्या पाच वसाहती होत्या. ब्रिटिश संशोधक त्यांना उपग्रहातून पाहतात. माणूस तिथे जाऊ शकत नाही, पण पांढऱ्या बर्फावरचा विष्ठेचा तपकिरी डाग आकाशातून दिसतो. डाग आहे तोवर संसार आहे. त्या वर्षी पिसे यायच्या आधीच बर्फ फुटला आणि पाचांपैकी चार ठिकाणचे डाग नाहीसे झाले. तिथले एकही पिल्लू जगले असण्याची शक्यता नाही, असे त्यांना लिहावे लागले. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या हिवाळ्यात, अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ उपग्रहांनी नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्वांत कमी पातळीवर राहिला.

तेव्हा बर्फ किती, हा प्रश्नच अपुरा होता. किती, कुठे आणि केव्हा, असे तिन्ही विचारले पाहिजे. पेंग्विनने हजारो वर्षे त्या तिन्हींशी आपले वेळापत्रक जुळवले आहे. अंडे कधी घालायचे, कुणी घरी बसायचे, कुणी किती दिवसांत परतायचे, सारे त्या बर्फाच्या भरवशावर. आपल्या सदनिकांतले दिवे, मोटारी, कारखाने यांच्या धुराने जग तापते आहे हे आता शाळेच्या पुस्तकातही आले आहे. तापलेल्या जगात बर्फ नुसता कमी होत नाही, तो बेभरवशाचा होतो. एखाद्या वर्षी एखाद्या किनाऱ्याला त्याचा फायदाही होतो, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे लोकही भेटतात. पण घरी लहान मूल असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. लांबची वाट एक वेळ परवडते. रोज निघताना आज वाट किती लांब असेल हेच माहीत नसणे, ते परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, मी ओंकारला एवढे सारे सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने ऐकले नसते. बाहेर फटाके वाजत होते. एवढेच म्हटले, "अरे, कापूस घाल, पण परातीच्या काठापर्यंत नको. पाणी त्यांना चालून गाठता येईल असं ठेव. आणि पिल्लू ठेवणार असशील तर त्याच्या पायांखालचा कापूस मात्र काढू नकोस."

त्याने विचार केला. मग परातीत वाटीभर पाणी ओतले, कापूस मागे सारला आणि दोन पेंग्विनांपैकी एकाला पाण्यात उभे केले.

"हा गेलाय डबा आणायला," तो म्हणाला.

"आणि दुसरा?"

"तो घरी थांबलाय. आई येईपर्यंत."

मी चकलीचा डबा उघडून त्याच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती आता पुण्याला नोकरी करते. गाडी लोणावळ्यापाशी थांबली होती, उशीर होणार होता.

"ये सावकाश," मी म्हटले. "जेवण झाकून ठेवते."